न दिसणारा सांधा

"सही करणार नाही," आत्याने सांगितलं आणि कागद थोरल्याकडे परत सरकवले. "आणि हे पेनही घे तुझं. माझ्याकडे राहिलं तर मी सवयीने वापरायला लागेन."

थोरल्याने पेनला हात लावला नाही. पेन उचललं की विषय संपला, आणि त्याला तो असा संपायला नको होता.

"आत्या, निदान नीट वाच तरी."

"वाचलं. माझ्या नावाआधी 'मूळ लेखिका' असं छापायचंय. मूळ पुरुष म्हणतात ना, तसं. मेल्यावर म्हणतात ते."

"मूळ लेखन तुझं, संपादन आणि शुद्धीकरण सरांचं. एवढंच आहे त्यात."

"शुद्धीकरण. म्हणजे मी बाटवलं होतं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या धाकटीला हसू आलं, ते तिने चहाच्या कपात लपवलं. दादांना मात्र हसू आलं नाही. दादा आत्याचे मोठे भाऊ आणि थोरल्या-धाकटीचे वडील. आठवडाभर ते कुणाशी धड बोलत नव्हते. खाली त्यांचं फ्रेमचं दुकान होतं, वर हे घर. सरसाचा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास जिन्याने वर यायचा तो थेट जेवणात उतरायचा. या खोलीच्या भिंतींवर ज्यांचं गिऱ्हाईक परत आलंच नाही अशा रिकाम्या फ्रेमा लटकत होत्या. पाहुणे विचारायचे, यात चित्रं का नाहीत? घरच्यांना तो प्रश्नच कळायचा नाही.

आणि थोरला ज्यांना सर म्हणत होता त्या प्राध्यापकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. गेल्या रविवारी पेपरच्या पुरवणीत त्यांचा लेख आला. 'कडा आणि कोपरे' या पुस्तकावर पिढ्या वाढल्या, घराघरात ते वाचलं जातं, हे सगळं मान्य करून त्यांनी लिहिलं होतं की त्याच्या पहिल्याच निबंधातलं गणित चूक आहे. आत्याने लिहिलं होतं: काड्यापेटी घ्या. कोपरे आठ, बाजू सहा, बेरीज चौदा. त्यातून कडा वजा करा, बारा. उरले दोन. आता तंबू घ्या, कपाट घ्या, सपाट बाजूंची कोणतीही वस्तू घ्या, उत्तर दोनच येईल. प्राध्यापकांचं म्हणणं, कोणतीही नाही. लाकडी फ्रेम घ्या. कोपरे सोळा, बाजू सोळा, कडा बत्तीस. उत्तर शून्य. कारण मध्ये आरपार भोक आहे. "फ्रेमवाल्याच्या घरात जन्म गेला आणि लेखिकेला फ्रेम दिसली नाही," असा लेखाचा शेवट होता. "हौशी मंडळी शास्त्रावर लिहू लागली की याहून वेगळं काय होणार?"

फ्रेमवाल्याच्या घरात. दादांना ते शब्द जेवताना आठवत, दाढी करताना आठवत.

"सही कर आणि मोकळी हो," दादा आता म्हणाले. "तुझ्यापायी माझ्या दुकानाचा पेपरात उद्धार झाला. गिऱ्हाईक येतं आणि गालात हसतं. समोरचा घड्याळवाला मला विचारतो, काय दादा, फ्रेम दिसते का?"

"मग सांगायचं, दिसते, पण त्यात तुझा फोटो बसत नाही म्हणून."

"चेष्टा करू नकोस. चूक आहे की नाही?"

"आहे," आत्या म्हणाली. "शंभर टक्के चूक आहे."

"मग झालं तर," थोरला घाईने म्हणाला. "चूक आहे, दुरुस्त करायची आहे, सर करून देताहेत. शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणारी समिती म्हणते, तज्ज्ञाने तपासल्याचं दाखवा. त्याशिवाय ते 'कडा आणि कोपरे'ला हातही लावणार नाहीत, आणि तुझ्या उरलेल्या दोन पुस्तकांनाही नाही. मी काय करू सांग."

उरलेली दोन म्हणजे 'घड्याळ थांबलं तर' हे विज्ञानावरचं आणि 'मी आहे हे कशावरून' हे तत्त्वज्ञानावरचं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी घरी बसवलेल्या आत्याने खाली काचा कापता कापता ही तीन पुस्तकं लिहिली, आणि थोरल्याची प्रकाशनसंस्था या तिन्हींच्या जिवावर उभी राहिली. बाकीची तो हौसेने काढायचा.

"दुरुस्त मी करणार," आत्या म्हणाली. "माझ्या शब्दांत, माझ्या नावाने. चुकीचं पान आहे तसंच राहील. त्याच्यासमोर दुसरं पान येईल, त्यात चूक कशी आहे ते सांगेन."

"चूक छापायची? जाणूनबुजून?"

"लोकांनी तीस वर्षं ते पान खरं मानलं. आता गुपचूप बदललं तर त्यांना कधी कळणारच नाही की आपण खोट्यावर विश्वास ठेवला होता. माझी चूक आहे थोरल्या, मी ती कुणाला देणार नाही. तुझ्या सरांना तर मुळीच नाही."

"सर आत्ता चहाला येताहेत," थोरला म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "मी त्यांना शब्द दिलाय."

"येऊ देत. चहाला कुणाला नाही म्हटलंय? पण येताना त्यांचं पान घेऊन येऊ देत. वाचून बघू."

वाचून बघू, हे शब्द या घरात साधे नव्हते.

*

आत्या खाली दुकानात गेली तशी धाकटीही मागोमाग उतरली. रविवारची दुकानाची फळी बंद होती. करवतीखालचा भुसा झाडून कोपऱ्यात लावलेला होता. आत्या काच कापायच्या टेबलाशी उभी राहिली, तिथे तिला बरं वाटायचं.

धाकटी कॉलेजात गणित शिकवायची, आणि लेख लिहिणारे प्राध्यापक तिचे विभागप्रमुख होते. आठवडाभर स्टाफरूममध्ये कुणी तिच्यासमोर तो विषय काढला नव्हता. ती खोलीत शिरली की बोलणं थांबायचं, त्यावरून तिला कळायचं.

"तू वर गप्प होतीस," आत्या म्हणाली.

"मला माहीत होतं, आत्या."

"काय?"

"चूक. एम.एस्सी.ला असतानाच कळलं होतं. पुस्तकात आलं, भोक असेल तर उत्तर बदलतं. रात्रभर झोप नाही आली मला. तुझं पुस्तक पाठ होतं ना."

आत्याने तिच्याकडे बघितलं. रागावली नाही, पण चेहऱ्यावरचं चेष्टेखोरपण गेलं.

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? आपल्याकडे कळलं नाही तर कप पालथा घालायचा. मला कळलं होतं. सगळं स्वच्छ कळलं होतं, फक्त ते चूक होतं. त्यासाठी कपाचं काय करायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

हा कपाचा प्रकार या घराबाहेर कुणाला सांगून पटत नसे. आत्याचा प्रत्येक निबंध छापायला जाण्याआधी वरच्या टेबलावर, सगळ्यांचा चहा पिऊन झाल्यावर, मोठ्याने वाचला जायचा. ज्याला वाक्य कळलं नाही त्याने आपला रिकामा कप बशीत पालथा घालायचा. कप पालथा पडला की वाचन तिथेच थांबायचं. आत्याने तोंडी काही समजावून सांगायचं नाही, पुस्तकाबरोबर काही ती घरोघर जाणार नव्हती. वाक्यच बदलायचं. बदलेपर्यंत कप पालथाच. आत्याची भाषा एवढी स्वच्छ कशी, असं लोक विचारायचे, त्याचं उत्तर त्या कपांत होतं.

"खरंच की," आत्या हळूच म्हणाली. "एवढी वर्षं कळतं का, हेच विचारत राहिले. खरं आहे का, हे कुणाला विचारलंच नाही." मग तिने टेबलावरची काचेची धूळ फुंकली. "लबाड आहेस. तेव्हा बोलली असतीस तर मी तुला खांद्यावर घेऊन नाचले असते."

"आता काय करू? सर माझे साहेब आहेत. पुढच्या महिन्यात माझं कायम होणं त्यांच्याच हातात आहे."

"तू काही करू नकोस. तुझ्या नोकरीवर मी माझं पुस्तक तारणार नाही. फक्त एक नियम लक्षात ठेव, आजपासूनचा. कळलं पण चुकलंय असं वाटलं, तर कप आडवा ठेवायचा."

"आडवा कप घरंगळेल."

"घरंगळू दे. चुकलेल्या वाक्याने थोडा गोंधळ घालायलाच हवा."

*

वर वहिनी कप विसळत होती. दादांची बायको, थोरल्या-धाकटीची आई, पण पार समोरच्या घड्याळवाल्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणायचे. तिने लेख दोनदा वाचला होता आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. लोकांना वाटलं, तिला गणितातलं काय कळणार. तिने तसं वाटू दिलं.

खरं म्हणजे आठवडाभर ती आतल्या आत कुढत होती. कारण ते भोकाचं वाक्य पुस्तकात होतं. निदान कच्च्या लेखनात होतं. आत्याने लिहिलं होतं, 'मात्र वस्तूला आरपार भोक नसावं.' तेव्हा धाकटी पोटात होती आणि थोरला टेबलाखाली झोपलेला होता. वहिनीने त्या वाक्याला कप पालथा घातला. काड्यापेटीला कुठे भोक असतं, कपाटाला कुठे असतं, मग मध्येच हे भोक आलं कुठून, तिला कळेना. आत्याने वाक्य तीन-चार तऱ्हांनी फिरवून बघितलं. कप पालथाच. शेवटी वहिनीच उठली, भिंतीवरची एक फ्रेम उतरवून तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, हिला आहे भोक. मोजा." आत्याने मोजलं. कोपरे सोळा, बाजू दहा, कडा चोवीस. उत्तर दोन आलं. भोक असूनही दोन! आत्या एवढी खूश झाली की तिने ते वाक्य तिथल्या तिथे खोडलं, आणि दादांनी सगळ्यांना दुसरा चहा करायला लावला.

आणि आता एक शिकलेला माणूस पेपरात लिहितो, शून्य येतं. वहिनीने परवा दुपारी घरात कुणी नसताना तीच फ्रेम उतरवली. बोट ठेवून ठेवून मोजली. सोळा, दहा, चोवीस. दोनच. तिला आधी बरं वाटलं, मग भीती वाटली. प्राध्यापक चुकला असेल? का आपल्यालाच मोजता येत नाही? आणि वन्सं तर सरळ म्हणतात, चूक आहे, शंभर टक्के. मग त्यांनी त्या दिवशीचं मोजणं का नाही काढलं? विसरल्या? की मला सांभाळून घेताहेत?

तिला सांभाळून घेतलेलं आवडत नसे. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून आवडत नसे.

जिन्यावर अनोळखी बूट वाजले. वहिनीने सहावा कप काढला.

*

प्राध्यापक दिसायला लेखाएवढे तिखट नव्हते. बारीक, थोडे वाकलेले, भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमांकडे बघून जरा ओशाळलेले. त्यांनी आत्याला नमस्कार केला, दादांनी त्यांना खुर्ची दाखवली. चहा झाला.

"बाई, माझा तुमच्याशी व्यक्तिशः काही वाद नाही," प्राध्यापक म्हणाले. "शास्त्र काटेकोर असावं, एवढंच माझं म्हणणं."

"माझंही तेच. तुमचं पान आणलंत का?"

प्राध्यापकांनी पिशवीतून कागद काढला. थोरल्याने घसा साफ केला. "आत्या, सरांना ते कपाचं..."

"सांग की. पाहुण्याला न सांगता खेळात घ्यायचं नाही."

थोरल्याने सांगितलं. सांगताना त्याचे कान लाल झाले. प्राध्यापकांना ते पोरकट वाटलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण ते सभ्य गृहस्थ होते. ते वाचायला लागले.

"'समजा, दिलेला बहुपृष्ठक असा आहे की त्याचं पृष्ठ गोलपृष्ठाशी समस्थितिक आहे...'"

दादांचा कप पालथा पडला. बशीवर टक्क वाजलं.

"हे तर पहिलंच वाक्य आहे," प्राध्यापक म्हणाले.

"मला पहिलंच कळलं नाही," दादा म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना मजा वाटत होती.

"पुढे स्पष्ट होतं ते." त्यांनी वाचणं चालू ठेवलं. वहिनीचा कप पालथा पडला. आत्या हाताची घडी घालून बसली होती, तिचा कप सरळ होता. आणखी एक वाक्य, त्यात 'पर्याप्त' होतं आणि 'आवश्यक' होतं, आणि मग पुन्हा टक्क असा आवाज आला.

थोरल्याने खाली बघितलं. कप त्याचा होता.

त्याला कळलंच नव्हतं. हाताने परस्पर केलं होतं. टेबलाशी बसायला लागल्यापासून या हाताला एवढंच शिकवलेलं होतं की कळलं नाही तर लाज बाळगायची नाही. करार त्याने टाईप करून घेतला होता, सरांना त्याने बोलावलं होतं, आणि त्याचाच कप बशीत पालथा पडला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. सरळ करावा का? त्याने हात पुढे नेला, मग मागे घेतला.

"राहू दे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "नाही कळलं तर नाही कळलं."

प्राध्यापकांनी कागद खाली ठेवला. आता ते दुखावले होते. "शास्त्रातलं सत्य चहाच्या कपांवर ठरत नाही."

"नाही ठरत," आत्या म्हणाली. "ते आम्हाला चांगलंच महागात पडलंय. पण न कळलेलं सत्य घेऊन माणसाने करायचं काय? ते तुमच्या कपाटात आधीच सुरक्षित आहे."

"निदान तुमच्या पुतणीला तरी कळलं असेल." ते धाकटीकडे वळले.

"पुतणी नाही, भाची," आत्या म्हणाली. "काटेकोर असावं."

धाकटीचा कप सरळ होता. तिने आत्याकडे बघितलं नाही, नाहीतर आत्याने मान हलवून तिला गप्प केलं असतं. "मला कळलं, सर. सगळं बरोबर आहे त्यात. पण हे पान या पुस्तकातलं नाही. मी हे पुस्तक वाचून गणिताला आले. हे पान पहिलं वाचलं असतं तर आले नसते." मग, शब्द तोंडातून निघालेच आहेत तर, ती पुढे म्हणाली, "आणि तुमच्या लेखातला शेवटचा परिच्छेद मला आवडला नाही. हे मी उद्या स्टाफरूममध्येही म्हणेन."

वहिनीला मुलीचा हात धरावासा वाटला, पण मध्ये दोन खुर्च्या होत्या.

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही काय लिहिलंय, बाई? तेही ऐकू. माझाही कप आहे."

"उचला की. हक्क आहे तुमचा. आणि आजपासून एक नवीन आहे: कळलं, पण खरं नाही असं वाटलं, तर कप आडवा."

आत्याने पदराशी धरलेला कागद उलगडला.

"'समोरच्या पानावर मी तुम्हाला सांगितलं की सपाट बाजूंची कोणतीही वस्तू घ्या, उत्तर दोन येतं. ते चूक आहे. तरी ते पान मी काढलेलं नाही. तुम्ही आत्ताच त्यावर विश्वास ठेवलात, आणि तो विश्वास मोडताना तुम्ही हजर असावं असं मला वाटतं. भिंतीवरची लाकडी फ्रेम उतरवा. काच आणि चित्र बाजूला ठेवा. हातात लाकूड उरेल आणि मध्ये भोक. कोपऱ्यांवर जिथे दोन पट्ट्या तिरक्या जोडल्या आहेत, ती रेघही कड म्हणून मोजा. कोपरे सोळा, बाजू सोळा, कडा बत्तीस. उत्तर शून्य. परत मोजा. शून्यच. भोकाने दोन खाल्ले. दोन भोकांची वस्तू केलीत तर आणखी दोन जातील. म्हणजे नियम मेला नाही, मोठा झाला. आता त्याला भोकंसुद्धा मोजता येतात.'"

एकही कप हलला नाही. प्राध्यापकांनी नकळत मान डोलावली, आणि दादांच्या ते नजरेतून सुटलं नाही.

"'तुम्ही विचाराल, फ्रेमच्या दुकानावर राहणाऱ्या बाईला हे आधी का कळलं नाही? ज्या गोष्टी रोज समोर असतात त्या दिसत नाहीत. मला फ्रेम दिसलीच नाही.'"

वहिनीने आपला पालथा कप उचलला. सगळ्यांना वाटलं ती सरळ करणार. तिने तो बशीत आडवा ठेवला. तो घरंगळला, बशीबाहेर आला आणि दादांच्या कोपराला टेकून थांबला.

"वहिनी," आत्या म्हणाली.

"कळलं मला. खरं नाहीये ते."

"वहिनी, राहू दे."

"का राहू दे? समजावून सांगायचं नाही, वाक्य बदलायचं, असं ठरलंय ना? वन्सं, तुम्हाला फ्रेम दिसली होती. मी उतरवून दिली होती. भोकाचं वाक्य तुम्ही लिहिलं होतं, ते मी अडवलं. मग तुम्ही मोजलं आणि दोन आलं. मी परवासुद्धा मोजली, दोनच येतं. हे गृहस्थ म्हणतात शून्य, तुम्हीही म्हणता शून्य. माझं काय चुकतं ते मला कळत नाही, पण तुम्ही फ्रेम बघितली नाही हे खोटं आहे."

ती उठली आणि भिंतीवरची तीच फ्रेम काढून प्राध्यापकांसमोर ठेवली. जुनी, गडद पॉलिशची, दादांनी जवानीत केलेली. प्राध्यापक तिच्यावर वाकले. त्यांचं बोट कडांवरून फिरलं, कोपऱ्याशी थांबलं, पुन्हा फिरलं. मग त्यांनी फ्रेम उजेडाकडे धरली.

"सांधा कुठे आहे हिचा?" त्यांनी विचारलं.

"आहे की," दादा म्हणाले. "चारही कोपऱ्यांवर आहे. दिसत नाही. दिसला तर तो कसला सांधा?"

प्राध्यापक हसायला लागले. तिखट नाही, पोटातून. "म्हणून दोन येतं! वहिनी, तुमचं मोजणं बरोबर आहे. सांधा मोजला नाही तर पुढची अख्खी बाजू एकच होते, आणि त्या बाजूलाच भोक पडतं. मागेही तसंच. वस्तूला भोक नको, तसं बाजूलाही नको. दोन ठिकाणी नियम मोडला, म्हणून उत्तर परत जागेवर आलं." ते थांबले. आपण हे सगळं एका दमात, कुणाचा कप न पडता बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं. "साधा सांधा असता तर तुम्हाला तेव्हाच शून्य आलं असतं."

"म्हणजे माझ्यामुळे झालं," दादा म्हणाले. त्यांनी फ्रेम आपल्याकडे ओढून घेतली आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं चिन्ह नव्हतं. "तीस वर्षं सगळ्या दुनियेला फसवलं या सांध्याने."

"म्हणूनच लिहिलं नव्हतं," आत्या म्हणाली. "मला लेख वाचल्याबरोबर कळलं काय झालं असणार. पण वाचणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी सबब सांगते. भावाच्या सांध्यावर आणि वहिनीच्या कपावर ढकलते."

"वाटू दे," वहिनी म्हणाली. "घडलं ते घडलं. तुम्ही एकट्या चुकल्या असं छापलं तर मी या टेबलावर कशाला बसत होते इतकी वर्षं? चहा द्यायला?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

"पान घडलं तसंच जाईल," थोरला एकदम म्हणाला. "चूक समोर, दुरुस्ती समोर, नाव आत्याचं. समितीला घ्यायचं तर घेईल."

"आणि बाजूला भोक नको, हे सरांनी सांगितलं तेही घाल," धाकटी म्हणाली.

"माझं नाव नको," प्राध्यापक म्हणाले. मग जरा थांबून, "खाली बारीक अक्षरात घातलंत तर हरकत नाही."

आत्याने टेबलावर हात फिरवून पेन शोधलं. थोरल्याचं पेन अजून तिथेच पडलं होतं. तिने ते उचललं, कराराचे कागद ओढून घेतले, उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाची फळी ठोठावून बघितली आणि निघून गेलं.

"ऐका," ती म्हणाली. "'मला फ्रेम दिसली होती. मात्र वस्तूला आरपार भोक नसावं, असं मी लिहिलंही होतं. ते माझ्या वहिनीला कळलं नाही. तिने फ्रेम समोर ठेवली, मी मोजली, आणि माझ्या भावाचा सांधा इतका चांगला होता की आम्ही दोघी चुकलो.'"

वहिनीने दादांच्या कोपराशी अडकलेला आपला कप उचलला, बशीत सरळ ठेवला आणि किटलीत उरलेला चहा स्वतःला ओतून घेतला.

"आता पुढे वाचा," ती म्हणाली.